आल्बम घ्यावा तर कोणता?

पोस्टाच्या तिकिटांसाठी एक आल्बम घ्यायचा, ही गोष्ट ती केवढी! पण आमच्या घरात ती पावणेदोन वर्षे रेंगाळली. तेवढ्या अवधीत एका पुतणीचे लग्न ठरून पार पडले, स्वयंपाकघराची लादी बदलून झाली, परसातला फणस दोनदा धरला. आल्बमचे मात्र काही केल्या ठरेना. कारण उघड आहे. लग्न, लादी आणि फणस यांबाबत आमच्याकडे एकाच व्यक्तीचे चालते (ती कोण, हे विवाहित वाचकांना सांगायला नको); तिकिटांबाबत मात्र ज्याला त्याला मत आहे.

तिकिटे माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. ते अष्टमीला शाळामास्तर होते. रोहे आणि अष्टमी ही जोडगावे. मधून कुंडलिका वाहते, एका तीरावर रोहे, समोर अष्टमी, आणि नगरपालिका दोघांची मिळून एक. अशा गावात बसून साऱ्या जगाची तिकिटे जमविणारा मास्तर म्हटले म्हणजे मुंबई-पुण्याच्या मंडळींना गंमत वाटेल. हा छंद करावा तो फोर्टातल्या एखाद्या कचेरीत बसणाऱ्याने, जिथे परदेशची टपाल पोत्याने येते! पण कुलाबा जिल्ह्याचा (१९८१ पासून तो रायगड जिल्हा झाला) हा भाग पूर्वीपासून दर्यापारच्या मुलखांशी बांधलेला. कोकणी मुसलमान घरांतली कर्ती माणसे आखातात, आफ्रिकेत, नाहीतर बोटीवर. बेने इस्रायल मंडळी, ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, त्यांच्यात तर ‘अष्टमकर’ आणि ‘रोहेकर’ ही आडनावेच आहेत. १९४८ साली इस्रायलचे राज्य झाले आणि त्यांच्यातली पुष्कळ कुटुंबे हळूहळू तिकडे निघून गेली. गेलेल्यांची पत्रे मागे राहिलेल्यांना येत. पत्र वाचून, पुन्हा वाचून, शेजाऱ्यांना वाचून दाखवून झाले की पाकीट मास्तरांकडे पोचते व्हायचे.

दादांची एक पद्धत होती. तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचे हे सर्वच करतात, दादाही करीत. पण पाकीट त्यांना बरे वाटले तर ते तसेच ठेवीत आणि मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहीत: कोणत्या आळीतून आले, कोणी पाठविले, तो तिकडे काय काम करतो. तिकिटे आणि पाकिटे मिळून बिस्किटांचे चार डबे भरले. पाचव्या डब्यात दादांचा चष्मा आणि हिंजांची पुडी. आल्बम त्यांनी कधी घेतला नाही. शाळामास्तरच्या पगारात आल्बम बसत नसे आणि पुढे पेन्शनीत तर नाहीच नाही.

आल्बमचा प्रश्न निघाला तो पावसाने. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि नदीकाठच्या घरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पापडापासून पंचांगापर्यंत काहीही कोरडे राहत नाही. तिकिटाच्या मागचा डिंक ही तर दमट हवेची आवडती वस्तू. दोन पावसाळ्यांपूर्वी एक डबा उघडला तो सिंहलद्वीपची सहा कोरी तिकिटे एकमेकांना अशी चिकटलेली की जणू एकत्र कुटुंबपद्धती! काहींच्या कडांवर तांबूस ठिपके आले होते. हा बुरशीचा प्रताप. एकदा कागदात शिरली की पुरती निघत नाही आणि शेजारच्या तिकिटालाही लावते. तेव्हा पुढच्या पावसाळ्यापूर्वी चारही डबे रिकामे करायचे, एवढे ठरले. ठेवायचे कशात, यावर घोडे अडले.

माझ्या ठाण्याच्या मुलाचे म्हणणे, छापील जागतिक आल्बम घ्यावा. प्रत्येक देशाचे पान, पानावर चौकोन, चौकोनात त्या त्या तिकिटाचे चित्र. आपण फक्त जागच्या जागी चिकटवीत जायचे. या जातीच्या आल्बमला वय चांगले आहे. पोस्टाचे पहिले तिकीट इंग्लंडात निघाले १८४० साली. आणि १८६२ मध्ये पॅरिसला झ्युस्तँ लालिए यांनी तिकिटांचा छापील आल्बम काढलासुद्धा. त्यातले चौकोन इतके तोकडे होते, की त्या काळी पुष्कळ हौशी लोकांनी तिकिटांच्या दातेरी कडा कात्रीने उडवून त्यांना चौकोनात बसविले. आज त्या तिकिटांची किंमत कडांबरोबर गेली. आल्बमसाठी तिकीट कापायचे की तिकिटासाठी आल्बम शोधायचा, या प्रश्नाची सुरुवात अशी पहिल्या आल्बमपासूनच आहे.

आज या जातीतला नामांकित आल्बम म्हणजे अमेरिकेच्या स्कॉट कंपनीचा ‘इंटरनॅशनल’. त्याच्या निळ्या बांधणीवरून शौकीन त्याला लाडाने ‘बिग ब्लू’ म्हणतात. त्याचा पहिला भाग १८४० ते १९४० एवढ्या शंभर वर्षांचा, आणि त्यात सुमारे ३५,००० तिकिटांच्या जागा आहेत. सगळी तिकिटे नव्हेत बरे का, निवडक! मुलाने संगणकावर त्याची पाने दाखविली तेव्हा मी मनात हिशेब केला. दादांचे त्या काळातले सगळे धन तीन-साडेतीन हजार. म्हणजे दहा चौकोनांतले नऊ रिकामे. नातवंडांनी आल्बम उघडावा आणि पणजोबांनी काय जमविले याऐवजी त्यांना काय मिळाले नाही तेच पानोपानी दिसावे, हे काही मला रुचेना.

शिवाय साऱ्या जगाचा आल्बम भरत नसतोच. तो भरण्याच्या सर्वांत जवळ गेलेला माणूस म्हणजे पॅरिसचा फेरारी. त्याने आयुष्य आणि वडिलोपार्जित संपत्ती यातच घातली. १९१७ मध्ये तो वारला; संग्रह बर्लिनच्या संग्रहालयाला द्यावा अशी त्याची इच्छा होती, पण पहिले महायुद्ध चालू, फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांचे वैरी! फ्रेंच सरकारने तो जप्त केला आणि १९२१ पासून पुढे काही वर्षे त्याचे लिलाव चालले. ब्रिटिश गियानाचे १८५६ सालचे एक सेंटाचे किरमिजी तिकीट त्याच्याकडे होते. जगात ते एकच ज्ञात आहे. २०२१ मध्ये ते ८३ लाख डॉलरना विकले गेले. मग ज्या आल्बमात त्याला चौकोन ठेवला असेल तो चौकोन एक घर सोडून साऱ्या दुनियेत रिकामाच!

तरीही छापील आल्बमला मी नावे ठेवणार नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पहिला आल्बम घ्यायचा असेल, तर डोळे मिटून छापीलच घ्यावा. लहानसा, परवडेलसा. ‘हेल्वेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड, ‘मग्यार’ म्हणजे हंगेरी, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड, आणि ज्याच्यावर देशाचे नावच नसते ते इंग्लंडचे, हे ज्ञान भूगोलाच्या पुस्तकात सापडत नाही. ते चौकोन शोधता शोधताच येते. मुलाला रिकामे चौकोन बोचत नाहीत, उलट बोलावतात. सत्तरी ओलांडलेल्याचे आणि वारसांचे गणित वेगळे.

आता दुसरी अडचण ऐका. ती मला अधिक महत्त्वाची वाटते. छापील आल्बम म्हणजे कोणा परक्या माणसाने मांडलेला जगाचा पाट. त्यात आपण कुठे बसतो?

दादांच्या डब्यात पंचम जॉर्जची हिंदुस्थानची तिकिटे आहेत, पण त्यांवर इंग्रजीत ‘कुवेत’ असा काळा छाप मारलेला. १९२३ पासून कुवेतला अशी तिकिटे चालत. १९३३ पासून बहारीनलाही. तिकडची पोस्टे हिंदुस्थानच्या टपालखात्याकडे होती, चलन रुपये-आणे. त्याहीआधी, १८९५ साली, झांझीबारने पहिली तिकिटे काढली तीही आपल्याच तिकिटांवर नाव छापून. एडनला तर १९३७ पर्यंत नुसती आपलीच तिकिटे. ती एडनची, हे फक्त शिक्क्यावरून कळायचे. छापील आल्बम या सर्वांना आपापल्या देशाच्या पानांवर अल्फाबेटप्रमाणे पांगवितो. कुवेत केनियाच्या शेजारी, झांझीबार एकदम शेवटच्या पानावर. दादांनी मात्र ती एका पाकिटात ठेवली होती, कारण ती गावातल्या एकाच मोहल्ल्यात आलेली. आता यांतला कोणता क्रम खरा?

आणि भोर! वाचकहो, जगाच्या आल्बमात भोर आहे, हे आपल्याला ठाऊक होते का? भोरच्या पंतसचिवांनी १८७९ मध्ये अर्ध्या आण्याचे आणि एक आण्याचे अशी दोन तिकिटे काढली, हाताने ठसा मारून. पुढे १९०१ मध्ये शंकरराव पंतसचिवांचे चित्र असलेले अर्ध्या आण्याचे एक तांबडे. खाते तेवढ्यावर आटोपले. पण तिकिटे निघाली म्हणून जगातल्या मोठमोठ्या कॅटलॉगांत आणि आल्बमांत भोपाळनंतर व बिजावरच्या आधी भोरचे नाव आजतागायत आहे. हे भोर म्हणजे घाटावरचेच तेवढे नव्हे. आमच्या शेजारचा सुधागड तालुका, ज्यात पालीचा बल्लाळेश्वर येतो, तो १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत भोरच्याच राज्यात होता. रोह्याहून पालीला निघालेला माणूस इंग्रजी मुलखातून संस्थानी मुलखात जात असे. दादांकडे ते १९०१ चे तांबडे तिकीट आहे, कोरे, एका कोपऱ्याला जरासे दुमडलेले. छापील आल्बमात भोरला पानाचा एक तुकडा मिळतो. मराठी घरात त्याला पान मिळू नये?

हीच गोष्ट ग्वाल्हेरची. १८८५ पासून तिथल्या तिकिटांवर नागरीत ‘ग्वालियर’ छापलेले. इंदूरच्या होळकरांची १८८६ पासूनची तिकिटे, निजामाच्या राज्यातली मराठी अक्षरांचीही तिकिटे, आणि गोव्याची, म्हणजे ‘पोर्तुगीज इंडिया’ची. गोव्याचे पहिले तिकीट १८७१ चे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि ते खाते संपले. छापील आल्बमात गोवा पोर्तुगालच्या वसाहतींत, निजाम आणि होळकर मांडलिक संस्थानांत, ग्वाल्हेर करारी संस्थानांत. आमच्या घरची मंडळी लग्नकार्यासाठी ज्या गावांना जातात ती गावे अशी आल्बमभर विखुरलेली!

कॅनडात असलेल्या पुतण्याने फोनवरून तिसरा मार्ग सुचविला. विल्यम स्टायनर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी साऱ्या जगाची पाने संगणकावर तयार केली आहेत. हवी ती घ्यावी, घरी छापावी. हवी तेवढीच पाने घेता येतात, हा त्यात मोठा गुण. पण चौकोन आलेच, आणि क्रम आलाच. शिवाय छापायला बसलो तेव्हा कळले की शाईच्या फवाऱ्याच्या यंत्रावर छापलेले पान आमच्या हवेत दुसऱ्या महिन्यात पसरते. ज्यांना हा मार्ग पसंत असेल त्यांनी लेझर यंत्रावर आणि आम्लविरहित जाड कागदावर छापून घ्यावे. साधा कागद काही वर्षांनी पिवळा पडतो आणि तिकिटालाही पिवळे करतो.

याच पुतण्याचे दुसरेही एक म्हणणे होते, आणि ते मी नोंदवून ठेवतो: सगळे विकून टाकावे. एका व्यापाऱ्याला डबे दाखविलेही. त्याने भोरचे तिकीट आणि इस्रायलचे एक पाकीट बाजूला काढले, त्याची चांगली किंमत सांगितली, आणि उरलेल्याची वजनावर. व्यवहार म्हणून त्याचे काही चुकले नाही. साठीच्या दशकातली शारजा, अजमान, फुजैरा वगैरे अमिरातींची ढीगभर तिकिटे आमच्याकडे आहेत. मांजरे, अग्निबाण, युरोपातली चित्रे, सगळे काही. पत्रावर लावण्यापेक्षा पोरासोरांना विकण्यासाठीच ती निघत. पुष्कळ कॅटलॉगांनी त्यांना मुख्य यादीत घेतले नाही, परिशिष्टात ढकलले. त्यांची किंमत काय येणार? पण पाकिटांमागच्या पेन्सिलीच्या ओळी व्यापाऱ्याने वाचल्याच नाहीत. त्या ओळींना बाजारात भाव नाही, हे मलाही समजते. म्हणून तर त्या विकायच्या नव्हत्या.

निर्णय लागला तो नातीमुळे. ती सातवीत आहे. सुटीत अष्टमीला आली असताना तिने डबे पालथे घातले आणि विचारले, “आजोबा, हे पाकीट भिजवून तिकीट काढलं, तर मागे लिहिलंय ते कुठे ठेवायचं?”

छापील आल्बमात याला जागाच नाही. तिथे चौकोन तिकिटाएवढा असतो. भूतानने सत्तरीच्या दशकात ग्रामोफोनच्या तबकडीसारखी, खरोखर वाजणारी गोल तिकिटे काढली. त्यांचीच जिथे पंचाईत, तिथे पाकिटाची काय कथा!

तेव्हा आम्ही घेतला तो कोऱ्या सुट्या पानांचा आल्बम. पान जाड, पांढरे, त्यावर फिकट चौकटी आखलेल्या म्हणजे ओळ तिरपी जात नाही. कडेला कड्या, म्हणजे पान कुठेही घालता-काढता येते. देश मरतात, जन्मतात. सिंहलद्वीप १९७२ मध्ये श्रीलंका झाले, बांगला देशाने १९७१ च्या जुलैत, लढाई चालू असतानाच, आपली पहिली तिकिटे काढली. बांधीव आल्बम अशा वेळी अडून बसतो. सुट्या पानांना मध्ये एक पान सारले की झाले. जोडीला एक स्टॉक बुक, म्हणजे पानावर आडव्या पारदर्शक पट्ट्यांचे. त्यात तिकीट नुसते सरकवायचे. दुबार तिकिटे आणि त्या अमिराती त्यात गेल्या. मांजरांचे पान धाकट्या नातवाने आधीच पळविले आहे.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. शिक्का पडलेल्या तिकिटांना हिंज चालते, कोऱ्या तिकिटांना नको; त्यांना पारदर्शक खोळी घ्याव्या, पण मऊ पीव्हीसीच्या घेऊ नयेत. ते प्लास्टिक काही वर्षांनी चिकट द्रव सोडते आणि तिकिटाचा रंग खाते. फोटोंसाठी मिळणारे चिकट पानांचे आल्बम तर तिकिटाला विषच; सेलोटेपही तसाच. आल्बम पुस्तकासारखा उभा ठेवावा. आडवा ठेवून वर पितळेची भांडी रचली की खालची तिकिटे पानाला बसलीच म्हणून समजा. लोखंडी कपाटात पावसाळाभर कुलूपबंद ठेवू नये. ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्या आणि त्या अधूनमधून बदलाव्या. ऑक्टोबरचे ऊन पडले की दोन-तीन दिवस पाने उलटून वारा द्यावा. वारा म्हणतोय मी, ऊन नव्हे. उन्हाने रंग उडतो.

क्रमाचा वाद नातीने असा मिटविला: आल्बमचे दोन भाग. पहिल्या भागात सुटी तिकिटे, देशांप्रमाणे, पण देश अ-आ-इ-ई या आपल्या क्रमाने आणि नावे मराठीत. त्यामुळे एडन इथिओपियानंतर येते आणि ज्ञ अजून रिकामा आहे. दुसऱ्या भागाला तिने नाव दिले आहे ‘अष्टमीत आलेली’. त्यात पाकिटे, ज्या आळीत आली त्या आळीप्रमाणे. पान अर्धे सोडून खाली दादांच्या पेन्सिलीची ओळ शाईने उतरायची, आणि मूळ ओळ वाचता यावी म्हणून पाकीट चिकटवायचे नाही, चार कोपऱ्यांत कागदी खाचा करून अडकवायचे. कुवेत, बहारीन आणि झांझीबार पुन्हा एका मोहल्ल्यात आली आहेत. केनिया, युगांडा आणि टांगानिका यांची तिकिटे १९३५ पासून एकत्रच निघत. ती कोणत्या देशाच्या पानावर घालायची हा छापील आल्बमवाल्यांना छळणारा प्रश्नही आपोआप सुटला, कारण पाकीट आले ते पुलाजवळच्या एका घरात, आणि मागे लिहिले आहे: मोंबासा, रेल्वेत फिटर, दर तीन महिन्यांनी पैसे पाठवितो.

भोरला पान मिळाले आहे. तिकीट एकच, बाकीचे पान कोरे ठेवले आहे.

व्यापाऱ्याने बाजूला काढलेले इस्रायलचे पाकीट दुसऱ्या भागात पहिले घातले. १९४९ सालचे आहे. त्याच्यावरची दोन तिकिटे प्राचीन ज्यू नाण्यांच्या चित्रांची, इस्रायलच्या अगदी पहिल्या मालिकेतली. १६ मे १९४८ ला ती विक्रीला आली. त्यांवर हिब्रूत ‘दोआर इव्री’, म्हणजे ‘हिब्रू टपाल’, एवढेच छापलेले आहे. छपाई चालू होती तेव्हा नव्या देशाचे नाव काय ठेवायचे हेच ठरले नव्हते. मागे दादांची ओळ आहे: “घर बांधायला घेतले. इथल्यापेक्षा थंडी फार. कोकमे पाठवा म्हणतात.”